हिरव्या कोल्ह्याची अरबी

बहरीनमधल्या आमच्या टीव्हीत फक्त हिरवा रंग यायचा. तुबलीच्या ज्या गॅरेजात बाबा मेकॅनिक होते, तिथल्या एका गिऱ्हाइकाने नवा टीव्ही घेतल्यावर हा जुना त्यांना देऊन टाकला. लाकडी कपाटात बसवलेला, पुढे दोन दारं, खाली चार पाय. तो पिकअपमधून उतरवला तेव्हा मनामाची अख्खी गल्ली दोन बोटं खचली, असं मी वर्गात सांगायचे आणि कुणी अविश्वास दाखवला नाही. बाबा ट्रकचं इंजिन डोळे मिटून खोलायचे. त्यांनी टीव्हीही खोलला. परत मिटला तेव्हा लाल आणि निळा कुठे सांडले ते कुणाला सापडलं नाही. त्यामुळे माझ्या बालपणातला बर्फ हिरवा, रक्त हिरवं, आणि बातम्या देणारा गृहस्थ तर आठवडाभर पाण्यात राहिलेल्या माणसासारखा.

अँटेना गच्चीवर होता, लोखंडी पाइपाला बांधलेला. तो फिरवला की समुद्रापलीकडची चॅनेलंसुद्धा यायची. हवा दमट असली की जास्तच यायची, आणि बहरीनची हवा अशी, की दोरीवर वाळत घातलेलं धोतर संध्याकाळी काढताना पहिल्यापेक्षा जड लागायचं. त्या पाइपाला हात लावला की चटका बसायचा म्हणून आईने त्याला जुन्या परकराचा तुकडा गुंडाळला होता. आमच्या चॅनेलची दिशा त्या परकराच्या नाडीवरून ठरायची.

आई घरात खानावळ चालवायची. कोकणातले चार-पाच जण रात्री आमच्याकडे जेवायचे, सगळे एकटे आलेले, बायका-पोरं गावाला. गॅरेज सुटलं की आंघोळसुद्धा न करता ते धावत यायचे, आणि ते आईच्या आमटीसाठी येतात असा आईचा समज होता. ते कार्टूनसाठी यायचे.

यात हसण्यासारखं काही नाही. बातम्या अरबीत, नाटकं अरबीत, आणि समुद्रापलीकडून येणारं इंग्रजी तर अरबीहून परकं. कार्टूनमध्ये मात्र भांडं डोक्यावर पडलं की टेंगूळ उगवतं, आणि टेंगळाला भाषा लागत नाही. दिवसभर पत्र्यावर हातोडा मारून कानात घंटा वाजत असलेली ती मोठी मिशीवाली माणसं माझ्याबरोबर जमिनीवर मांडी घालून बसायची आणि कड्यावरून पडणाऱ्या प्राण्याला बघून लहान पोरासारखी खिदळायची. आई आतून म्हणायची, "कर्ते पुरुष, आणि बघतायत काय, तर कोल्हा."

"वहिनी, कोल्ह्यावर बोलू नका," ड्रायव्हर म्हणायचा. "आज त्याची परीक्षा आहे."

ड्रायव्हर रत्नागिरीकडचा. एका बोटाचं अर्धं पेर गॅरेजच्या जॅकखाली गेलेलं, आणि ते बोट शार्कने खाल्लं असं तो सांगायचा. माझं शिक्षण अशा लोकांत झालंय.

तो कोल्हा तीन पायांचा होता. चौथा कुठे गेला हे कधीच सांगितलं नाही. त्याच्या भावाला कुणी एका राजाने कैद केलं होतं आणि तो या किल्ल्याहून त्या किल्ल्याला लंगडत जायचा. प्रत्येक भागात शेवटी तो बंद दरवाजापुढे उभा राहायचा, शेपूट खाली टेकवून त्या शेपटीचाच चौथा पाय करायचा, आणि भाषण द्यायचा. असं भाषण, की भिंतींना पाझर फुटे. मग करकरत दरवाजा उघडायचा. आत भाऊ नसायचाच, नाहीतर मालिका संपली असती. पण दरवाजा उघडायचा. चित्र काढणारा जो कुणी असेल, त्याने त्या दरवाजावर जीव ओतला होता. एकेक खिळा वेगळा, गंजाचे ओघळ वेगळे. आज एका बोटावर हव्या त्या रंगात हवं ते कार्टून दिसतं, तरी तसा दरवाजा मी पुन्हा पाहिला नाही. अख्खी खानावळ श्वास धरून बसायची आणि दरवाजा हलला की सगळ्यांच्या छातीतून एकदम हवा सुटायची. त्या वाऱ्याने पडदा हलायचा, हे मी शपथेवर सांगते.

पण कोल्हा बोलका होता, आणि तिथे त्यांना माझी गरज पडायची. शाळेत अरबीचा तास असायचा आणि बाकीची अरबी मी टीव्हीतूनच उचललेली. मी चौथीत होते आणि दुभाषी होते.

"काय सांगता गो बाय तो?" डेंटर काका विचारायचे.

डेंटर काका मालवणकडचे. चेपलेल्या गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करायचं काम. माणूस एवढा बारीक, की गाडीच्या दारात आणि चौकटीत जी फट असते तिच्यातून आत जाऊन ठोकतो, असं ड्रायव्हर म्हणायचा. ते सगळ्यांच्या पुढे बसायचे, टीव्हीच्या इतके जवळ की त्यांचा चेहराही हिरवा दिसायचा. गावी बायको, आणि एक मुलगी. ते निघाले तेव्हा मुलगी पाळण्यात होती.

"तो म्हणतोय," मी सांगायचे, "की हे राजा, माझ्या भावाला सोड, आज आमच्या घरी सुरमई केलीय."

"कोल्ह्याक सुरमई?"

"अरबी कोल्हा आहे, काका. समुद्राजवळचा."

"बरोबर हा," काका म्हणायचे आणि समाधानाने पुढे बघायचे.

एक गोष्ट आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हती. कार्टूनमधली अरबी ही बाजारातली अरबी नव्हेच. ती ग्रंथांतली, हजार वर्षं जुनी, इस्त्री केलेली अरबी. मी कोपऱ्यावरच्या भट्टीवर खुब्बूस आणायला जायचे, आणि म्हणायचे ते साधारण असं: "हे भट्टीच्या स्वामी, मी दूरच्या प्रदेशातून भुकेने व्याकूळ होऊन आले आहे, मजला पाच रोट्यांचे दान कर." भट्टीवाला पोट धरून हसायचा, रांगेतल्या माणसांना ऐकवायला लावायचा, आणि एक रोटी जास्त द्यायचा. ती जास्तीची रोटी बघून आई म्हणायची, "पोरीची अरबी किती चोख आहे बघा. तुम्ही इतकी वर्षं इथे, तुम्हाला कधी कुणी फुकट रोटी दिली?"

बाबांना कुणी दिली नव्हती. त्यामुळे घरात ठरूनच गेलं, की मी बोलले की अरब माणूस विरघळतो.

त्या हिवाळ्यात काकांना तार आली. खानावळीतल्या सगळ्यांची पत्रं आणि तारा सूकमधल्या, म्हणजे बाजारातल्या, एका गुजराती दुकानदाराकडे यायच्या. त्यानेच ती वाचून दाखवली: वाइफ सिरियस, कम सून. पुढे गावाकडच्या एका माणसाकडून कळलं, की कावीळ उलटलीय.

काकांचा पासपोर्ट गॅरेजच्या मालकाकडे होता. सगळ्यांचेच होते, त्यात काही विशेष नव्हतं. मालकाच्या घरी लोखंडी कपाट होतं आणि त्यात आमची अख्खी पंगत खणात बसलेली होती. मालकाला सगळे अरबाब म्हणत. तो गॅरेजात क्वचितच यायचा. कारभार बघायचा त्याचा मुन्शी. काकांनी मुन्शीला सांगितलं. मुन्शी म्हणाला, अरबाबला सांगतो. दुसऱ्या दिवशी म्हणाला, सांगितलं, इंशाल्ला. त्याच्या पुढच्या दिवशीही इंशाल्ला. त्या वेळी सौदीकडे जायच्या पुलाचं काम समुद्रात चाललं होतं आणि तिथले चेपलेले, खारं पाणी खाल्लेले ट्रक गॅरेजात येऊन पडले होते. रांग तुबलीपासून निघून मनामाला वळसा घालून परत तुबलीला पोचली होती, असं बाबा सांगत, आणि बाबा सहसा माझ्यासारखं बोलत नाहीत.

"मुन्शी बोलतच नसेल," एका रात्री जेवताना बाबा म्हणाले. "अरबाबपर्यंत आपलं म्हणणं पोचतच नाही. त्याला कळलं तर तो माणूस आहे. चार पोरांचा बाप आहे."

"मग थेट जा," आई म्हणाली.

"जाऊन बोलू काय? बानेट, पाना, खलास, यल्ला. एवढीच माझी अरबी."

काका भात कालवत होते, कालवतच होते. मग त्यांनी मान वर न करता विचारलं, "आणि चेडवाक घेऊन गेलो तर?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

ड्रायव्हर म्हणाला, "भट्टीवाला रोटी देतो. अरबाब कागद नाही देणार?"

आईने माझा दिवाळीचा फ्रॉक काढला, केसांना इतकं तेल लावलं की बहरीनच्या तेलाचा साठा वाढला असेल, आणि जुम्म्याला दुपारच्या नमाजानंतर बाबा, काका आणि मी अरबाबच्या घरी गेलो. काय बोलायचं हे मला कुणी शिकवलं नाही. मला माहीतच होतं. दरवाजापुढे काय बोलतात ते मी आठवडे नि आठवडे ऐकत होते.

मजलिस म्हणजे त्याची बैठकीची खोली, भिंतीला लागून गाद्या, मधे चोच असलेली कॉफीची भांडी. अरबाब म्हातारा, गोरा, दाढी पांढरी. शेजारी दोघे पाहुणे. बाबा उंबऱ्याच्या आत उभे राहिले. काका बाहेरच, चपलांच्या ढिगापाशी. मी गालिच्याच्या मधोमध गेले, पाय जुळवले आणि सुरू केलं.

मराठीत सांगायचं तर ते असं झालं असणार: "हे दुर्गाधिपते! तुझ्या तटांची कीर्ती दाही दिशांत दुमदुमते आहे. मी एक पंगू प्रवासी, तुझ्या द्वारी उभा आहे. माझा बंधू तुझ्या बंदिवासात आहे आणि त्याची भार्या रुग्णशय्येवर शेवटचे श्वास मोजते आहे. न्यायाच्या नावाने, हे थोर पुरुषा, द्वार उघड!" भार्या मी स्वतः घातली होती. कोल्ह्याला वहिनी नव्हती.

अरबाबचा हातातला पेला थरथरायला लागला. मग खांदे. मग तो गादीवर आडवा झाला. पाहुण्यांपैकी एकाला ठसका लागला, त्याच्या पाठीवर थापा माराव्या लागल्या. अरबाबने डोळ्यांतलं पाणी रुमालाने टिपलं, आतल्या बायका-पोरांना हाक मारली, पडद्याआडून बांगड्या वाजल्या, आणि त्याने हाताने खूण केली, पुन्हा. मी पुन्हा म्हटलं. तो पुन्हा रडेपर्यंत हसला. बाबाही हसले. मोठा माणूस आपल्या पोरीवर खूश झालाय हे त्यांना दिसत होतं. मी मागे वळून पाहिलं तर काकाही हसत होते, हात जोडून.

मग अरबाब उठून बसला आणि स्वच्छ हिंदीत, मुंबईच्या हिंदीत, बाबांना म्हणाला, "क्या लड़की है, भाई. कौन सिखाया इसको?"

तरुणपणी अरबाब वर्षानुवर्षं मुंबईत होता, खजूर आणि मोती घेऊन जायचा. आमच्यातल्या कुणाहीपेक्षा त्याची हिंदी चांगली होती.

"शेठ," बाबा म्हणाले, "वो आदमी का घरवाली बीमार है. मुन्शी ने आपको..."

"मालूम है," अरबाब म्हणाला. "तार आया, मुन्शी उसी दिन बोला मेरे को. पीलिया है, वो भी बोला. बहुत बुरा हुआ. लेकिन ट्रक खड़े हैं ना? इतना अच्छा डेंटर दूसरा किधर से लाऊँ? ट्रक निकल जाने दो, फिर जाए. इंशाल्ला." त्याच्या आवाजात राग नव्हता. पाऊस उद्या आहे, आज नाही, असं सांगावं तसं सांगितलं. मग मला जवळ बोलावलं, डोक्यावर हात ठेवला, लाल हलव्याचं एक भांडं दिलं आणि म्हणाला, "अगले जुम्मे को इसको लाना. मेरा भाई आएगा."

पिकअपमध्ये बसल्यावर काकांनी बाबांना विचारलं, "म्हणजे बोलावल्यान हा परत. म्हणजे विचार करता हा. नाय?"

"हो," बाबा म्हणाले.

"नाय तर कित्याक बोलावतलो."

"तेच की."

पुढच्या जुम्म्याला आम्ही गेलो. भावापुढे मी म्हटलं. त्याच्या पुढच्या जुम्म्याला त्याचे जावई होते, त्यांच्यापुढे. माझी भाषणं वाढत चालली. मी हातवारे घालायला लागले, शेवटी कोल्ह्यासारखी एक आरोळी ठोकली आणि मजलिस कोसळली. खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती. गोड बोलून, हसवून, जग आपल्या बाजूला वळतंय असं वाटत होतं. हलवा आम्ही खानावळीत सगळ्यांना वाटायचो. काका घ्यायचे नाहीत. ते दर वेळी चपलांपाशी उभे असत आणि दर वेळी अरबाब त्यांच्याकडे बघून मान हलवायचा, प्रेमाने. "इंशाल्ला."

मधल्या दिवसांत काका झपाटल्यासारखे ठोकत होते. जेवणाची सुट्टी सोडली. ट्रक संपले की सुटका, एवढंच त्यांना समजलं होतं. पण एक ट्रक बाहेर पडला की पुलावरून दुसरा आत यायचा. समुद्र तिकडे पत्रे खात होता आणि काका इकडे सरळ करत होते. बाबा म्हणाले, तो माणूस आता हातोड्याने नाही, कपाळाने ठोकतोय. संध्याकाळी कार्टूनला बसले तरी हात मांडीवर वाजत राहायचे. मग यायचेच बंद झाले. जेवायच्या वेळी यायचे आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचे. कोल्ह्याच्या डोळ्याला डोळा भिडू नये तसे.

आईने एका जुम्म्याला फ्रॉक काढलाच नाही. "पुरे झाला तमाशा," बाबांना म्हणाली. "तिकडे बाई मरतेय आणि इथे माझी पोर माकड झालीय."

"काका आशेवर आहेत."

"त्यांना सांगा ना मग. तुम्ही सांगा."

बाबांनी सांगितलं नाही. सांगायची वेळ आली नाही. सूकमधला दुकानदार स्वतः चालत आमच्या घरी आला, दुकान उघडं टाकून, आणि ते बघूनच आईने गॅस बंद केला.

दुसऱ्या तारेत थोडेच शब्द होते. काका गॅरेजातून आले, त्यांना उभ्या उभ्या सांगितलं. ते म्हणाले, "बरा," आणि हातपाय धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता.

दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः मुन्शीकडे गेले. निदान आता तरी पासपोर्ट द्या, लहान मुलगी आहे घरी, दिवसकार्य आहे. मुन्शीने अरबाबला फोन लावला. अरबाबला खरोखर वाईट वाटलं. त्याने काकांच्या खोलीवर पोतंभर तांदूळ आणि एक बोकड पाठवायला सांगितलं. आणि पासपोर्टचं विचारल्यावर म्हणाला, "अब जल्दी किस बात की?"

बाबांनी हे घरी येऊन सांगितलं. बोकडाचं काय करायचं असं ड्रायव्हरने विचारलं, आणि मग त्याचं त्यालाच लाजल्यासारखं झालं.

आमच्या भाषेचा घोटाळा आहे असं आम्ही धरून चाललो होतो. मधल्या माणसाने गोष्ट पोचवली नाही, पोचली तर कळली नाही, कळली तर नीट शब्दांत कळली नाही. त्यासाठी आम्ही हजार वर्षांपूर्वीची अरबी घेऊन गेलो. अरबाबला पहिल्या दिवसापासून सगळं कळलेलं होतं.

दहावा दिवस तुबलीच्या खाडीवर करायचं ठरलं. काका म्हणाले, तिकडे भावांनी केलं असेलच, पण आपल्यालाही जमेल तेवढं करूया. बायका-पोरांनी जायचं नसतं. पण आईने शिजवलेल्या भाताचं पातेलं पिकअपमध्ये माझ्या मांडीवर होतं, मी आधीच बसले होते, आणि खाली उतर म्हणायचं कुणाला सुचलं नाही. ड्रायव्हरने गाडी खाडीच्या कडेला, चिखल सुरू होतो तिथे लावली. मागे गॅरेजांचे पत्रे, पुढे ओहोटीचं राखाडी पाणी. सकाळची वेळ, हवेत थंडी.

मंत्र कुणाला येत नव्हते. बाबांना जेवढं आठवलं तेवढं म्हटलं. काकांनी डोकं केलेलं, त्यामुळे कान मोठे दिसत होते. त्यांनी भाताचे गोळे एका पत्रावळीवर ठेवले. पत्रावळ म्हणजे कागदी ताटली. काळे तीळ आईने दिले होते. मग आम्ही सगळे मागे सरून उभे राहिलो, आणि तेव्हा लक्षात आलं की कावळा नाही.

बहरीनमध्ये कावळे नव्हतेच असं मी म्हणणार नाही. बंदराकडे दिसायचे. पण त्या दिवशी, त्या खाडीवर, नव्हते. होते ते सीगल, पांढरे, बदकाएवढे. चिखलात रांगेने उभे राहून आमच्याकडे बघत होते.

"ते चालतील?" ड्रायव्हरने हळूच विचारलं.

"पक्षी तर आहे," बाबा म्हणाले.

"पण काळा नको?"

"इथे मिळेल तोच ना."

"थांबा वाईच," काका म्हणाले. त्यांनी हात जोडले. अशा वेळी गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकलाय ते ओळखून बोलायचं असतं. अमुक करीन, तमुक सांभाळीन, असं कबूल करायचं असतं. ते पटलं, की कावळा शिवतो. काका काय बोलणार हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मुलगी होती गावाला, तीन वर्षांची झाली असेल. तिच्यासाठी येतो, ट्रक संपले की येतो, एवढंच. पण त्यांचे नुसते ओठ हलत होते. त्यांनी नाक पुसलं, पुन्हा हात जोडले.

"गो," ते म्हणाले, "ऐक..."

आणि चिखलातून एक सीगल उठला, एकच वळसा घातला आणि सगळ्यात मोठा पिंड चोचीत धरून पाण्याकडे गेला. त्याच्यामागे बाकीचे आले. पंखांचा एवढा गोंगाट झाला की मी कानांवर हात ठेवले. बघता बघता ताटली रिकामी झाली, उलटी झाली आणि वाऱ्याने गॅरेजांच्या दिशेने घरंगळत गेली.

"शिवला," ड्रायव्हर म्हणाला. "लगेच शिवला, काका. काही अडकलं नव्हतं वहिनींचं."

काका हात जोडून तसेच उभे राहिले. त्यांचं तोंड अजून उघडं होतं.